आमच्या ह्यांची रेंज

आमचे हे दिवसातून शंभरदा वर जातात आणि शंभरदा खाली येतात. घाबरू नका, लिफ्टमन आहेत. कचेऱ्यांची सात मजली जुनी इमारत, तिच्यात एकच लिफ्ट, बाहेर जाळीचं दार, आत लोखंडी पत्र्याची पेटी, पितळी दांडा, आणि दांड्यापाशी लाकडी स्टुलावर आमचे हे. सत्तावीस वर्षं झाली. बटण दाबलं की आपोआप चालणाऱ्या लिफ्ट आल्या, आसपासच्या इमारतींत बसल्यासुद्धा, पण ह्या इमारतीचे मालक नवं काही करायचं म्हटलं की आजारी पडतात. त्यामुळे दांडा राहिला आणि हेही राहिले.

इमारतीत त्यांना 'कितवा' म्हणतात. माणूस आत शिरला की हे विचारतात, "कितवा?" त्याने सांगितलं "पाचवा," की दार ओढतात, दांडा फिरवतात आणि पाचवा येईपर्यंत भिंतीकडे बघत बसतात. संपलं संभाषण. घरीही तेच. मी विचारते, "भाजी कशी झालीय?" हे म्हणतात, "बरी." लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण माझी भाजी 'बरी'च्या वरच्या मजल्यावर कधी गेली नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने विचारलं होतं, मुलगा कसा वाटला? मी म्हटलं, गप्प आहे. आई म्हणाली, बरंच आहे, तुझ्यासमोर टिकेल.

टिकले. मी दोघांचं बोलते, त्यामुळे घर शांत आहे असं कोणी म्हणणार नाही. मी कपडे दुरुस्त करते. बाह्या आखूड करायच्या, कंबर ढिली करायची, पँटची चेन बदलायची. रस्त्याकडच्या खिडकीत माझं मशीन आहे. मशीनचा टाका गळायला लागला की डोळ्यांना दिसायच्या आधी तो माझ्या कानाला कळतो. आवाजात एक भोक पडतं. तेवढ्यात पाय थांबवला की कापड वाचतं.

ह्याच कानाने मी ह्यांचं दुखणं पकडलं, हे मला आधी नोंदवून ठेवायचं आहे, कारण पुढे सगळं श्रेय भलतीकडेच गेलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून हे आडवे होतात तेव्हा मी त्यांच्या छातीवर डोकं टेकवून पडते. वय झालं म्हणून काय झालं? बोलत नाहीत तर निदान आतलं तरी ऐकू दे, असा माझा हिशेब. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मला तिथे भोक ऐकू आलं. एक, दोन, तीन, आणि चौथा ठोका नाहीच. मी ताडकन उठले. म्हटलं, "अहो, तुमचा टाका गळतोय." हे म्हणाले, "तुझं आपलं काहीतरी," आणि कूस बदलली. मी ओढत नेलं डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं हे?" मी म्हटलं, "माझ्या." त्या दिवशी मी घरी येताना रस्त्याच्या मधून चालत होते.

गोळ्या सुरू झाल्या. यंदा मात्र हे लिफ्टमध्येच एकदा कोलमडता कोलमडता राहिले. मग मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, ठोके मधूनच फार मंदावतात, छातीत पेसमेकर बसवावा लागेल असं दिसतंय, पण कधी मंदावतात, किती मंदावतात, ते महिनाभर बघून ठरवू. छातीवर एक पट्टी चिकटवतो. पट्टी ठोके मोजेल, खिशातल्या फोनला सांगेल, आणि फोन मोबाइलच्या नेटवर्कवरून आमच्या निरीक्षण कक्षाला कळवेल. तिथे सिस्टर कायम बसलेल्या असतात. काही वेडंवाकडं दिसलं तर लगेच फोन करतील.

मी म्हटलं, "मी ऐकते ना रोज."

डॉक्टर हसले. "ताई, चोवीस तास कान लावून बसणार आहात का?"

बसले असते.

पट्टी लावायला निरीक्षण कक्षातल्याच एक सिस्टर आल्या. तिशीची, बारीक अंगाची, नखं अगदी मुळापासून कापलेली. ह्यांना सदरा काढायला सांगितलं, कापसाने छाती पुसली आणि डाव्या बाजूला पट्टी ठेवून तळहाताने दाबून धरली. "हात गार आहेत हं माझे, काका." आणि हे हसले! माझे हात एकोणतीस वर्षं गार आहेत, वर सुयांनी भोकं पडलेली आहेत, त्यावर कधी कोणाला हसू आलं नाही. डॉक्टर मागे उभे राहून मला काहीतरी समजावत होते, पन्नास, शंभर, रेंज, वर, खाली. मी मान डोलावत होते. माझं सगळं लक्ष त्या तळहाताकडे होतं. एक पट्टी चिकटवायला किती वेळ लागतो? मी एवढ्या वेळात दोन चेन बदलते.

जाताना त्यांनी दुसरा क्रमांक म्हणून माझा फोन लिहून घेतला. तेवढ्यापुरती मी.

घरी आल्यावर ह्यांनी तो हॉस्पिटलचा फोन हातात धरून सगळं घर पालथं घातलं. स्वयंपाकघरात रेंज नाही. आतल्या खोलीत एक दांडी यायची आणि जायची. शेवटी माझ्या मशीनजवळच्या खिडकीत सगळ्या दांड्या भरल्या. तिथे त्यांनी एक फळी ठोकली, त्यांचा फोन आणि माझा फोन दोन्ही तिथे ठेवायचे असं ठरवलं आणि म्हणाले, "इथली रेंज कधी जात नाही." पाच शब्द! मला तेव्हा बरंही वाटलं. म्हटलं, चला, ह्यांचं काळीज माझ्या मशीनजवळून तर जाईल.

खरी अडचण लिफ्टमध्ये आली. लोखंडी पेटीचं दार लागलं की रेंज गेली. पट्टी ठोके मोजून साठवून ठेवायची आणि रेंज आली की एकदम पाठवायची, पण सिस्टर म्हणाल्या, ती शिळी बातमी. काकांना तीन वाजता काही झालं आणि मला चारला कळलं तर मी काय करू? म्हणून त्यांनी तोडगा काढला. चौथ्या मजल्यावर जिन्याशेजारी मोठी खिडकी आहे, तिथे रेंज चांगली. दर तासाला लिफ्ट चौथ्यावर थांबवायची, खिडकीत दोन मिनिटं उभं राहायचं. तेवढ्यात साठलेले ठोके जातात, ताजेही दिसतात.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ठीक आहे, औषध म्हणून घ्यायचं. पण संध्याकाळी हे घरी येऊन म्हणायला लागले, "सिस्टर म्हणाल्या, आज मी दिवसभर रेंजमध्ये होतो." चेहऱ्यावर असा आनंद, जणू शाळेत पहिला नंबर आलाय. मी म्हणायचे, "त्यात काय मोठं? माझा फोन तर रोज रेंजमध्ये असतो." हे नुसते बघायचे माझ्याकडे आणि हात धुवायला जायचे. दुसऱ्या आठवड्यात 'सिस्टर म्हणाल्या'ने सुरू होणारी वाक्यं मी मोजली. एका जेवणात चार. आमच्या घरात एका जेवणात एवढी वाक्यंच कधी झाली नव्हती.

मी तिला मनातल्या मनात 'पट्टीवाली' म्हणायला लागले.

मग ते 'वर गेलेत' प्रकरण घडलं. सुट्टीचा दिवस. पाणी आलंय का, टाकी भरलीय का, हे बघायला आमचे हे गच्चीवर गेले आणि हॉस्पिटलचा फोन फळीवरच राहिला. फोन लांब पडल्यावर पट्टी सांगणार कोणाला? पंधरा मिनिटांत तो वाजला. मी उचलला.

"काकू, काकांचे ठोके यायचे थांबलेत. काका कुठे आहेत?"

"वर गेलेत," मी म्हटलं.

खरं सांगते, ते सहज तोंडातून निघालं. पण पलीकडे श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं आणि मग मात्र मला सोडवेना.

"क... कधी?"

"झाली की पंधरा मिनिटं."

"काकू, तुम्ही एकट्याच आहात का घरी? कोणाला कळवलंत?"

"कळवायचं काय त्यात? दर आठवड्याला जातात."

मग अगदी हळू आवाजात, "दर आठवड्याला?"

"हो. टाकी भरली का बघायला."

त्यावर ती जी हसली, ती थांबेचना. हसता हसता तिला रडू आलं की काय असंही मला वाटलं. विनोद माझा होता. पण हे गच्चीवरून आल्यावर तिने त्यांना फोन करून सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि दोघं फोनवर हसले, आणि पुढे आठवडाभर हे जिन्याकडे निघाले की स्वतःशीच पुटपुटायचे, "वर जातो," आणि खुदकन हसायचे. माझा विनोद त्या दोघांचा झाला. माझ्या वाट्याला नुसता फोन उचलण्याचं काम आलं.

तिसऱ्या आठवड्यात इमारत झाडणारी बाई माझ्याकडे झगा सैल करायला घेऊन आली. टाचण्या लावून घेता घेता म्हणाली, "तुमचे कितवासाहेब अलीकडे फार बोलायला लागले हो. चौथ्याच्या खिडकीत उभे राहून कोणाशी तरी हसत असतात. मला वाटलं, मुलीशी बोलतात." आम्हाला मुलगी नाही. मुलगाही नाही. तिला हे माहीत नव्हतं, तिचा दोष नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि टाचणी बाईच्या दंडात.

दुसऱ्या दिवशी हे चष्मा घरी विसरले. विसरले कसले, मीच शिवणाच्या डब्यामागे सरकवला होता. दुपारी तीनच्या सुमाराला चष्मा घेऊन मी इमारतीत गेले. लिफ्ट टाळली आणि चार मजले चढले. चौथ्यावर खिडकी, खिडकीला लागून एका कचेरीचं दार, दारातून आत दिसणारं टायपिंग करणाऱ्या बाईंचं टेबल. आणि खिडकीत माझ्याकडे पाठ करून हे.

"...नाही हो सिस्टर, पाचव्याचे वकील आज चौथ्यांदा सातव्यावर गेले. सातव्याच्या बाई रजेवर आहेत, हे त्यांना कोणी सांगेना. मीही नाही सांगितलं. चार फेऱ्या त्यांच्या झाल्या, चार माझ्या." पलीकडून हसण्याचा आवाज. हे पुन्हा बोलायला लागले. टायपिंगच्या बाई कशा नाकावर चष्मा ठेवून झोपतात, दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा उतरताना लिफ्टला कसा नमस्कार करतो. सत्तावीस वर्षांत मला एक वकील सांगितला नाही, एक म्हातारा सांगितला नाही. मला वाटायचं, भिंतीकडे बघत बसणाऱ्या माणसाला काही दिसतच नाही. सगळं दिसत होतं. दाखवायचं नव्हतं ते मला.

मग त्यांचा आवाज खाली आला. "परवा सहाव्यावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधार आला हो. दांडा गच्च धरून ठेवला. भीती वाटली." थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "छे, तिला नाही सांगितलं."

मी चष्मा घेऊन तशीच खाली उतरले. संध्याकाळी विचारलं, "आज काही चक्कर वगैरे?" हे म्हणाले, "छे." मी विचारलं, "कधी भीती वाटते का हो?" हे म्हणाले, "कसली?" आणि जेवायला लागले. मी मूग गिळून बसले. मला त्या मुलीचा हेवा वाटत होता, त्याला दुसरा शब्द नाही. ह्यांच्या छातीवर मी कान ठेवायचे तर आता पट्टी टोचेल म्हणून लांब झोपायचं. आणि ज्या भोकाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याच्या आतली भीती हे तिला सांगत होते. तिच्या टेबलावर आणखी वीस माणसांची काळजं असतील. मला एकच होतं.

नंतरच्या चार-पाच दिवसांत तिचे फोन मी कसे घेतले ते मला ठाऊक. "काकू, काकांची रेंज नाहीये हो, त्यांना जरा खिडकीत जायला सांगा." "काकू, रेंज गेलीय." मी इमारतीच्या पहारेकऱ्याला फोन करायचे, तो जिन्यातून ओरडायचा, हे खिडकीत जायचे. म्हणजे माझ्या नवऱ्याने तिच्याशी बोलावं म्हणून निरोप मी पोचवायचा. ही नोकरी मला कोणी विचारून दिली नव्हती.

त्या दिवशी माझ्या मशीनवर एक जाड कोट होता. अस्तर सरकत होतं, सुई तापली होती, माझं डोकं त्याहून तापलेलं. तीन वाजून गेले असतील. फळीवरचा माझा फोन वाजला.

"काकू, काका रेंजच्या खाली गेलेत, त्यांचा फोन लागत नाहीये, तुम्ही लगेच..."

"लिफ्टमध्ये असतील," मी म्हटलं. "येतील रेंजमध्ये. तासभर मोकळं सोडा की माणसाला! बायको मी आहे का तुम्ही?"

आणि फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, बटण दाबून पूर्ण बंद केला आणि बटणांच्या डब्यात टाकला. वर झाकण लावलं. मला इतकं हलकं वाटलं की मी कोटाची एक अख्खी बाही एका दमात मारली.

दुसरी बाही घेतली तेव्हा मशीनचा टाका गळला. पाय थांबला. आणि त्या शांततेत तिचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, जसं ती बोलली होती तसं. रेंज नसते. रेंज जाते. माणूस रेंजच्या बाहेर जातो. रेंजच्या खाली कोण जातं? चौथ्या मजल्यावरून खाली गेले असं म्हणाली का? नाही. 'रेंजच्या खाली.' आणि मग हॉस्पिटलातले डॉक्टर माझ्या पाठीमागे उभे राहून बोलायला लागले, त्या दिवशी मी ऐकले नव्हते ते शब्द एकेक करून यायला लागले. पन्नास ते शंभर, ही ह्यांची रेंज, ताई. पन्नासच्या खाली गेले तर ते रेंजच्या खाली, मग एक मिनिटही घालवायचं नाही.

रोज संध्याकाळी हे सांगायचे, मी रेंजमध्ये होतो. ते काळजाचं सांगत होते. मी फोनच्या दांड्या मोजत होते.

डबा उघडताना बटणं सगळीकडे उडाली. फोन चालू व्हायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. पहारेकऱ्याचा क्रमांक लावला, तो उचलेना. मी गळ्यात टेप तशीच ठेवून धावत सुटले. इमारत दहा मिनिटांवर. कशी पोचले मला आठवत नाही.

खाली गर्दी होती. पहारेकरी वरच्या यंत्रखोलीत होता, म्हणूनच फोन उचलत नव्हता. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबलेली, ती हाताने चाक फिरवून खाली घेत होते. काय झालं ते मला टायपिंगच्या बाईंनी सांगितलं. तीन वाजता हे खिडकीत आले, फोनकडे बघितलंही नाही, भिंतीला टेकले आणि कोणीतरी घंटी दाबली म्हणून पुन्हा लिफ्टमध्ये गेले. थोड्या वेळाने बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. कोणी सिस्टर बोलत होत्या. हा नंबर त्यांनी शोधून काढला होता, कारण काकांनी त्यांना ह्या कचेरीच्या पाटीवरचं नाव कधीतरी सांगितलं होतं. "आणि मला म्हणाल्या," बाई जरा संकोचून म्हणाल्या, "चष्मा नाकावर ठेवून झोपतात त्याच बाई ना तुम्ही? झोपू नका, धावा."

म्हणजे ज्या बडबडीने माझा जीव जळत होता, तिनेच ह्यांना हुडकून काढलं होतं. आणि मी खिडकीत, भरलेल्या दांड्यांखाली, बाही मारत बसले होते.

दार उघडलं. हे स्टुलावरून घसरून दांड्यावर आपटले होते. कपाळातून रक्त. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा डोळे अर्धे उघडले, मला बघितलं, ओळखलं की नाही कोण जाणे. ओठ हलले.

"कितवा?"

"तळमजला," मी म्हटलं. "चला."

गाडीत त्यांच्या खिशातला फोन वाजला. रेंज आली होती. मी उचलून त्यांच्या कानाशी धरला. "काका, ऐकू येतंय ना? मी बघतेय तुम्हाला. अठ्ठावीस आहेत, चालतील, येताय तुम्ही, या." आणि ह्यांनी मान हलवली. मी मघापासून हाका मारत होते, तेव्हा हलवली नव्हती. तेवढ्यातही मला ते टोचलं. माझा नवरा मरायला टेकला होता आणि मला ते टोचलं. लपवून काय करू?

पेसमेकर दुसऱ्या दिवशी सकाळीच बसला. कपाळाला चार टाके पडले, जरा वाकडे. मी तो फोन बंद केला नसता, पहारेकऱ्याला तेव्हाच कळवलं असतं, तर हे पडायच्या आत लिफ्ट खाली आली असती. ते चार टाके माझे आहेत, हे मी बघताक्षणी ओळखलं.

तिसऱ्या दिवशी पट्टीवाली आली. पट्टी काढायची होती आणि त्या दिवसाच्या नोंदीवर घरच्यांची सही हवी होती. पलंगाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये हे उशीला टेकून. नोंद वाचून दाखवावी लागते म्हणाली, आणि वाचायला लागली. तीन वाजून चार मिनिटं, ठोके चौतीस. तीन पाच, रुग्णाचा फोन, लागला नाही. तीन सहा...

बायको मी आहे का तुम्ही, हे तिने लिहिलं असेल. फोन मुद्दाम बंद केला, हे लिहिलं असेल. लिहिलं असेल तर खरं तेच लिहिलं असेल. हे ऐकतील आणि भिंतीकडे बघायला लागतील, आणि मग उरलेल्या आयुष्यात भाजी 'बरी'सुद्धा होणार नाही.

"तीन सहा," ती म्हणाली, "दुसरा क्रमांक. रेंज नव्हती. तीन सात, तीन नऊ, तीन अकरा, रेंज नव्हती. तीन अठरा, चौथ्या मजल्यावरील कचेरीशी संपर्क." डोळे कागदावरच. आवाज जरासुद्धा हलला नाही.

ती फळी ह्यांनी स्वतः ठोकली होती. तिथली रेंज कधी जात नाही, हे माझ्याइतकंच त्यांनाही माहीत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या गळ्याकडे हात नेला, टेप तिथे नव्हती.

"जाते तिथली रेंज," हे म्हणाले. "कधीकधी."

"इथे सही करा, काकू," ती म्हणाली.

मी सही केली. तिने पट्टीचं एक टोक उचललं, मग थांबली आणि मला म्हणाली, "तुम्ही काढता का? तुमचा हात हलका असेल." मी काढली. छातीवर लाल चौकोन उठला होता.

ह्याला आता सात महिने झाले. हॉस्पिटलचा फोन परत दिला. सुट्टीच्या दुपारी मी पुन्हा कान टेकवून पडते. आतलं यंत्र इमानदार आहे, एक टाका गळत नाही, पण ऐकायला पूर्वीसारखी गंमत नाही. एक गोष्ट मात्र मला अजून छळते. 'रेंज नव्हती' हे आधी कोणाला सुचलं? तिने लिहिलं म्हणून ह्यांनी निभावून नेलं, की ह्यांनीच आदल्या दिवशी, मी चहा आणायला खाली गेले होते तेव्हा, तिला तसं लिहायला सांगितलं? म्हणजे माझ्याबद्दल ते दोघं बोलले का? काय बोलले? हसले का? मला उपकार वाटायला हवेत, ते वाटतातही. पण माझं एवढं मोठं गुपित त्या दोघांत वाटून घेतलेलं आहे आणि मी बाहेर उभी आहे, ह्याने जीव अजून जळतो. विचारायची सोय नाही. विचारलं तर कबूल करावं लागेल.

हे पुन्हा लिफ्टवर जातात. दुपारी तीन वाजता चौथ्यावर लिफ्ट थांबवायची सवय गेलेली नाही. आता तिथून मला फोन करतात. वकिलांचं सांगत नाहीत, म्हाताऱ्याचं सांगत नाहीत. मी मशीन थांबवून पहिल्या घंटीला उचलते. हे रोज एकच विचारतात.

"रेंज आहे ना?"

मी म्हणते, "आहे."